हात कुणाचा?

विष्णुपंत आठल्यांच्या हाताला कसब म्हणून नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, पाठीमागे म्हटलेलं आहे आणि चारचौघांत टाळ्या घेत म्हटलेलं आहे. आता लिहूनही ठेवतो. वकिलाने स्वतःचं बोलणं नाकारू नये.

ते सांगलीच्या नोंदणी कचेरीत नक्कलनवीस होते. लोकांच्या दस्तांच्या नकला दिवसभर उतरवायच्या, हे काम. कागदावरचं त्यांचं अक्षर असं, की मूळ दस्तापेक्षा नक्कल वाचायला बरी वाटायची. पण हाच माणूस कागद सोडून पितळेला हात लावायचा आणि सगळा विचका व्हायचा. काटकोन करायला घेतलेला कोपरा कलंडायचा, भोक पाडायला घेतलं की ते अंड्याच्या आकाराचं व्हायचं. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, बोटांना शाई आणि शाईवर कानशीचे ओरखडे, अशा थाटात ते दर रविवारी तीन वाजता गंगाधररावांच्या गोठ्यात यायचे आणि रुमालाची गाठ सोडून आपलं आठवड्याचं पाप चादरीवर मांडायचे.

गोठा म्हणजे आमचा कारखाना. गंगाधरराव हळदीचे अडते, राहायला गावभागात. बेचाळीस साली त्यांनी म्हैस विकली, गोठा झाडून-सारवून घेतला आणि मुंबईहून आणलेलं पायाने चालवायचं लेथ तिथे बसवलं. दसऱ्याला त्या लेथला झेंडूचा हार, एरवी त्यावर मऊ फडका. गंगाधररावांनी पायटा चार वेळा दाबला की पाचव्यांदा त्यांना धाप लागायची आणि मग ते चहाची आरोळी ठोकायचे. ते हळद तोलायचा पितळी तराजू करत होते, पण त्या लेथवर मी हळदीचं कांडंसुद्धा कातलेलं पाहिलं नाही. दुसरे आमचे डॉक्टर अनंतराव. ते भिंतीवरचं घड्याळ बनवत होते. घड्याळ काही चालत नव्हतं, पण ते का चालत नाही यावर डॉक्टर तासभर बोलायचे आणि रोगी दवाखान्यात ताटकळायचे.

तिसरा मी. मी मूळचा साताऱ्याचा, वकिलीसाठी सांगलीत येऊन राहिलेला. मी वाफेचं इंजिन करत होतो. वीतभर लांब, सगळं पितळी, शिसवी पाटावर बसवायचं. "हे इंजिन ओढणार काय?" असं माझ्या बायकोने, शरयूने, एकदा विचारलं होतं. बायकांना यातलं कळत नाही असं मी म्हणालो, कारण मलाही सांगता येत नव्हतं.

आमच्या बैठकीचा एक रिवाज होता. विकतचा भाग लावायचा नाही, साधा नट-बोल्टसुद्धा नाही. जे करायचं ते ज्याने त्याने स्वतः. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली असायची. वस्तू तिच्यावर ठेवली की गंगाधररावांनी विचारायचं, "हात कुणाचा?" आणि ज्याची वस्तू त्याने उजवा पंजा पुढे करून म्हणायचं, "माझा." तोवर त्या वस्तूला कुणी शिवायचं नाही आणि चहाही यायचा नाही. तिकडे जगभर लढाई पेटलेली, बाजारात पितळेचा तुकडा औषधाला मिळत नाही, आम्ही घरोघरची फुटकी भांडी आणि जुने कडी-कोयंडे जमवतोय, आणि एवढ्या भांडवलावर आपण काहीतरी थोर राखतोय अशी आमची समजूत होती. तीन पोट सुटलेले गृहस्थ पंजे पुढे करून बसलेत, हे चित्र आता आठवलं की मला माझीच शिसारी येते.

विष्णुपंत त्रेचाळीस साली आमच्यात आले. त्यांना मात्र खेळणं करायचं नव्हतं. त्यांना विहिरीवर बसवायचा हातपंप करायचा होता. त्यांच्या बायकोचा, गोदावरीबाईंचा, उजवा हात आदल्या वर्षी विहिरीच्या शेवाळलेल्या काठावरून पडून कोपरात मोडला होता आणि वाकडा जुळला होता. दोर धरता येईना, घागर उचलता येईना. विष्णुपंत कचेरीला जाण्याआधी पाणी भरून ठेवायचे, पण घरात दोन लहान मुली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारपर्यंत रांजणाचा तळ दिसायचा. मग त्या बाई डाव्या हाताने दोर ओढायच्या, ओढलेला दोर पायाखाली दाबून धरायच्या, पुन्हा हात पुढे घालायच्या. पंधरा हात खोल विहीर होती. बाजारात पंप मिळण्याची सोय नव्हती, सगळं लोखंड-पितळ लढाईवर गेलेलं. तेव्हा विष्णुपंतांनी घरात शब्द दिला की पुढच्या संक्रांतीला पंप बसवतो, तू नुसता दांडा हलवायचास.

ती संक्रांत गेली. मग पाडवा म्हणाले, तोही गेला. पंपाच्या नळकांड्यासाठी बाईंनी आपली लग्नातली पितळी घागर दिली होती. विष्णुपंतांनी ती परसात वितळवून वाळूच्या साच्यात ओतली. पहिलं नळकांडं चाळणीसारखं निघालं, दुसऱ्याला मधोमध फट. दोन्ही त्यांनी प्रामाणिकपणे चादरीवर मांडली. "हात कुणाचा?" गंगाधररावांनी विचारलं. "माझा," विष्णुपंत म्हणाले, आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मी म्हणालो, "विष्णुपंत, हे झारी म्हणून वापरा, तुळशीला पाणी घालायला बरं पडेल." तेही हसले. त्यांना आमचं हसणं शिकवणीतलाच भाग वाटायचं. घरी जाऊन ते पुन्हा कानस घेऊन बसायचे. लेथ नाही, भट्टी नाही, पितळ पकडून धरायला टेबलाला आवळलेला एक जुना वाईस आणि चार कानशी, एवढाच त्यांचा संसार. नट-बोल्टचे आटे पाडायचं हत्यारदेखील त्यांनी मोडक्या कानशीतून घरी घडवलं होतं.

चव्वेचाळीसच्या श्रावणात एका रविवारी ते आल्या आल्या काही मांडेनात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "एक विचारायचं होतं. नळकांड्यातला दट्ट्या काही माझ्याने गोल होत नाही. तेवढा मोहिद्दीन मिस्त्रींकडून करून घेतला तर चालेल का? घरी फार अडचण आहे हो."

मोहिद्दीनचं स्टेशनच्या रस्त्याला एका खोलीचं दुकान होतं. पूर्वी तो कुंडलजवळच्या कारखान्यात लेथवर होता. सांगलीत त्याच्यासारखा कारागीर नव्हता.

गंगाधरराव छताकडे बघू लागले. डॉक्टरांनी घड्याळाचं चाक उचलून कानाला लावलं, जणू ते बोलणार होतं. बोललो मीच. मला बोलायची सवय. मी म्हणालो, "चालेल की. न चालायला काय झालं? फक्त मग तो पंप मोहिद्दीनचा होईल. इथे आणू नका म्हणजे झालं."

"नाही, नाही," विष्णुपंत घाईने म्हणाले, "नियम तो नियम. मी आपलं विचारलं." आणि त्यांनी टोपी घातली.

आता त्या दिवशी माझ्या इंजिनाचं सिलिंडर कुठे होतं ते सांगतो. मोहिद्दीनच्या दुकानात होतं. चाकही त्यानेच कातलं होतं, नट आणि बोल्टही त्याचेच. मी फक्त घरी आणून चिंच लावून घासत असे, आणि त्या घासण्याला मी हातकाम म्हणत असे. "कुणाला सांगू नकोस," असं मी मोहिद्दीनला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याने मान हलवली होती. हे उद्योग सगळ्या सांगलीत मी एकटाच करतो अशी माझी खात्री होती.

मोहिद्दीनच्या लेथची एक गंमत होती आणि ती तो गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा. त्या लेथचं एक दातेरी चाक मोडलं होतं. लढाईमुळे तसं दुसरं मिळेना, म्हणून त्याने भलत्याच मापाचं चाक बसवून काम भागवलं होतं. त्यामुळे त्याच्याकडचे आटे जगात कुठल्याच मापात बसत नसत. त्याचा नट त्याच्याच बोल्टला लागणार, बाजारातल्या कुठल्याही बोल्टला लागणार नाही. मला त्याचं काय? माझ्या इंजिनात दुसऱ्याचा बोल्ट कशाला जाईल?

पंचेचाळीसची दिवाळी आली. लढाई संपली होती, तरी बाजार रिकामाच होता. दिवाळीनंतरच्या रविवारी विष्णुपंत अख्खा पंप गोणपाटात गुंडाळून सायकलवरून घेऊन आले. नळकांडं, दट्ट्या, झडप, दांडा, सगळं होतं. दिसायला तो पंप कुरूपच होता, पण बादलीत उभा करून दांडा हलवला तर खरंच पाणी वर आलं. मी "वा" म्हणायच्या ऐवजी "गळतोय" म्हणालो. तो गळत होता, चार थेंब. विष्णुपंत दांड्याचा नट आणखी आवळायला गेले आणि नट हातातच फुटला. पितळ ओतताना आत पोकळी राहिली होती.

"एवढंच ना," ते म्हणाले. त्या दिवशी ते फार आनंदात होते. "कुणाचा तरी नट लावून बघू का, तेवढ्यापुरता?"

आमची तिघांची मांडणी चादरीवर होतीच, आणि बुडाचे बोल्ट तिघांचेही जाडीला त्यांच्या बोल्टाएवढेच होते. त्यांनी माझा नट घेतला, तो त्यांच्या बोल्टवर चढेना. डॉक्टरांचा घेतला, चढेना. गंगाधररावांचाही चढेना. इथे ते थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण नक्कलनवीसाची खोड. मूळ आणि नक्कल ताडून पाहिल्याशिवाय त्या माणसाला चैन पडत नसे. त्यांनी डॉक्टरांचा नट माझ्या बोल्टवर लावून पाहिला. तो गरागरा फिरत तळापर्यंत गेला. माझा गंगाधररावांच्या बोल्टवर लावला, तोही गेला. गंगाधररावांचा डॉक्टरांच्या बोल्टवर गेला. तीन घरांतले तीन नट आणि तीन बोल्ट, कुठलाही कुठेही लावा, लोण्यासारखा फिरत होता.

मी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी गंगाधररावांकडे, गंगाधररावांनी माझ्याकडे. हाताने घरी पाडलेले तीन माणसांचे आटे सात जन्मांत एकमेकांना लागत नाहीत, हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षं जे आम्ही एकमेकांपासून लपवलं ते त्या एका मिनिटात उघडं पडलं होतं. फक्त ज्याने उघड केलं त्याला ते दिसलं नव्हतं.

विष्णुपंतांचे डोळे भरून आले होते. "काय हात आहेत तुमचे!" ते म्हणाले. "तीन घरं, तीन माणसं, आणि केसाचा फरक नाही. मी आपला समजत होतो की थोडं गळतंय, थोडं वाकडंय, एवढंच. आज कळलं. सगळ्यांचं सगळ्यांना लागतं, माझंच कुणाला लागत नाही. म्हणजे चूक माझ्याच हातात आहे."

त्या गोठ्यात एक तरी माणूस असता तर तो बोलला असता. गंगाधररावांनी चहाची आरोळी ठोकली. डॉक्टरांना अचानक कुणीतरी अत्यवस्थ रोगी आठवला. आणि मी, देवा, मी म्हणालो, "सवयीने जमतं, विष्णुपंत."

त्यांनी फुटलेल्या नटाचे दोन तुकडे खिशात घातले, पंप गोणपाटात गुंडाळला आणि चहा न घेता गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. आम्ही तिघं मात्र जमलो. त्या नटांबद्दल आम्ही एक चकार शब्द काढला नाही. गंगाधररावांनी चादरीवरच्या वस्तूकडे बघत विचारलं, "हात कुणाचा?" आणि मी पंजा पुढे केला. निर्लज्जपणालाही सराव लागतो, आणि तो आम्हाला भरपूर होता.

महिन्याभराने मी मोहिद्दीनकडे गेलो. इंजिन पूर्ण झालं होतं, पाटावर माझ्या नावाची पट्टी तेवढी बसवायची होती. तो पट्टी वाईसमध्ये धरून छिन्नीने अक्षरं कोरत होता. वाईस ओळखीचा वाटला. बाजूला चार झिजलेल्या कानशी पडल्या होत्या.

"पंत आलं हुतं," मोहिद्दीन मान वर न करता म्हणाला. "हत्यारं सगळी हितंच टाकून गेलं. म्हनलं, मला आता ह्येचा काय उपेग? मिस्त्री, तुमी पंप करून द्या."

"मग दे करून," मी म्हणालो.

त्याने छिन्नी खाली ठेवली आणि फळीवरून एक दट्ट्या काढून माझ्या हातात दिला. "ह्यो बगा वकीलसाहेब. निस्त्या कानशीनं गोल केलाय त्या मानसानं. लेथ न्हाई, काय न्हाई. दोन वरसं घासत हुतं म्हनं. मला सांगा, हाय का हितं कुनाची छाती? आवं, त्या पंपाला निस्ता एक नट पायजे हुता. बाकी समदा पंप तयार हाय. पर पंत म्हनत्यात, माझं कायबी ठिवू नगा, समदं नवं करा. लय इनवलं म्या. ऐकायलाच तयार न्हाईत."

मी दट्ट्या बोटांत फिरवून पाहिला. तो गोल होता. माझ्या बोटाला कुठे खाचसुद्धा लागली नाही. तीन वर्षं ज्याला कसब नाही म्हणून मी हसलो होतो, त्या माणसाचं ते काम होतं.

"त्येंच्या डोक्यात बसलंय, का तुमा तिघांचा हात लय बारीक हाय," मोहिद्दीन म्हणाला. "म्या तुमाला जबान दिलीया. त्या दोघांस्नीबी दिलीया. म्हनून गप बसलो. पर आता तुमी म्हनत असला तर जाऊन सांगतो. एका सबदाचं काम हाय. सांगू?"

वाईसमध्ये माझं नाव अर्धं कोरलेलं होतं. त्या एका शब्दाने विष्णुपंतांची कानस परत त्यांच्या हातात गेली असती, हे मला समजत होतं. न समजण्याइतका मी मूर्ख नव्हतो. मी म्हणालो, "नको. तू नाव नीट कोर."

मोहिद्दीनने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "व्हय," म्हणाला आणि खाली वाकून पुढचं अक्षर घेतलं. एवढ्या थोडक्यात माझी लायकी मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी विष्णुपंत कोर्टात मला शोधत आले. पंप बसवलाय, तिळगुळाला या, असं आग्रहाने सांगून गेले. तसंच त्या दोघांनाही सांगितलं होतं. गंगाधररावांना बाजारात काम निघालं, डॉक्टरांना ताप आला. मी शरयूला घेऊन टांग्याने गेलो. न जाण्याचं धाडसही माझ्यात नव्हतं.

खणभागात त्यांचं भाड्याचं घर होतं. मागच्या अंगणात विहीर, आणि काठावर तो पंप. झळझळीत, सरळ, एक थेंब न गळणारा. गोदावरीबाईंनी डाव्या हाताने दांडा दोनदा हलवला आणि पाणी भळाभळा हंड्यात पडलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पहिल्याच वर्षी मिस्त्रींकडे गेले असते तर माझे हाल वाचले नसते का हो? पण हे म्हणायचे, मंडळींचा नियम आहे, स्वतःच्या हाताने करायचं. तुम्हा सगळ्यांना जमतं, यांना नाही जमलं. त्याला काय करणार?"

त्यांनी फुलपात्रात पाणी दिलं. मी प्यायलो.

विष्णुपंत पंपाजवळ येत नव्हते. पाहुण्यांचे पाय धुवायला त्यांनी बादली घेतली ती विहिरीत सोडली आणि दोराने ओढून पाणी काढलं. पंप हाताच्या अंतरावर होता. बाई म्हणाल्या, "हे असंच चाललंय यांचं. शिवत नाहीत त्याला." विष्णुपंतांच्या बोटांवर नुसती शाई होती. ओरखडे बुजले होते.

मग मला नळकांड्यावर कोरलेलं दिसलं. अक्षरं लहान-मोठी, एक वर, एक खाली, छिन्नी दोन ठिकाणी घसरलेली. 'हात मोहिद्दीन मिस्त्रीचा' असं होतं.

"ते मी कोरलं," विष्णुपंत मागून म्हणाले. "मिस्त्री नको म्हणत होते. पण तुम्हीच म्हणाला होता ना, की मग तो पंप मोहिद्दीनचा होईल. ते बरोबरच होतं. बैठकीला येत नसलो तरी कुणी विचारलं तर उत्तर खरं असावं. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घ्या."

मी तिळगूळ तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये. सांगायला एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. समोर ते, त्यांची बायको, तो पंप. गोड बोला म्हणाले, मी गोड हसलो आणि निघालो.

परतताना टांग्यात शरयू म्हणाली, "बिचाऱ्यांनी किती वाकडी अक्षरं कोरलीत! तुमच्या इंजिनावरचं नाव बघा, कसं छापल्यासारखं आहे. तुम्हीच कोरलंत ना ते?"

थंडी होती. मी उजवा हात शालीखाली घेतला आणि हो म्हणालो.